‘सॉलिटरी थायरॉईड नोड्यूल’ला मराठीत काय म्हणावं?

मावशीच्या गळ्याला सुपारीएवढी गाठ लागते. डॉक्टरांनी हातानं तपासून चिठ्ठीवर ‘सॉलिटरी थायरॉईड नोड्यूल’ लिहिलं. तिला मराठीत समजावून सांगताना मी अडले. कोशात थायरॉईडला ‘अवटू ग्रंथी’ आहे. म्हणजे ‘अवटू ग्रंथीतील एकल गाठ’? मुळात ‘गाठ’ हा शब्द ‘ग्रंथि’वरूनच आलेला, म्हणजे एकच शब्द दोनदा. आणि ‘गाठ’ कानावर पडताच ती रडायलाच लागली. आपल्याकडे ‘गाठ निघाली’ म्हटलं की पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद
‘अवटू’बद्दल थोडं. अमरकोशात ‘अवटु, घाटा, कृकाटिका’ हे शब्द एकत्र येतात आणि त्यांचा अर्थ आहे मानेची मागची बाजू! थायरॉईड तर पुढे, कंठमण्याच्या खाली. इंग्रजी नावाचं मूळ ग्रीक भाषेत, अर्थ ढालीसारखा. थॉमस व्हार्टननं १६५६ साली ते या ग्रंथीला दिलं. परिभाषेत ‘अवटू’ रुळला असला तरी मावशींना ‘थायरॉईड’च सांगा.
‘गलगंड’ जुना आणि नेमका आहे. सुश्रुतानं ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड एकाच अध्यायात घेतलेत, पण वेगवेगळे ओळखून. गळ्यावरची सूज मोठी असो वा लहान, तो तिला गलगंडच म्हणतो. आज मात्र ‘गलगंड’ म्हटलं की डोळ्यांसमोर लोंबणारा गळा येतो, सुपारीएवढी गाठ नाही. आणि कृपया ‘गंडमाळा’ म्हणू नका, त्या मानेतल्या लसिका गाठी, बऱ्याचदा क्षयाच्या.

प्रतिसाद
मी पॅथॉलॉजीत आहे, रोज या स्लाइड बघते. ‘गाठ’ शब्द बदलू नका ताई, त्याला विशेषण जोडा. थायरॉईडच्या बहुतेक गाठी साध्या असतात. कॅन्सर निघतो तो ढोबळमानानं शंभरात पाच ते पंधरा जणांना. ‘सौम्य’पेक्षा ‘साधी गाठ’ म्हणा. ‘सौम्य’ ऐकून लोकांना ‘थोडासा कॅन्सर’ वाटतो, हे मी स्वतः ऐकलंय.
‘सॉलिटरी’चा अर्थ इथे ‘हाताला एकच लागणारी’ एवढाच. सोनोग्राफीत शेजारी आणखी बारीक गाठी पुष्कळदा दिसतात. मग घरचे म्हणतात, पसरलं! पसरलेलं नसतं, आधी बोटांना लागलेलं नसतं. म्हणून ‘एकल’, ‘एकांडी’ असं काही न म्हणता ‘हाताला लागणारी एक गाठ’ म्हणा. लांब आहे, पण खरं आहे.
सगळ्यात फसवा शब्द ‘कोल्ड’. टीएसएच (थायरॉईडचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) कमी आला तर स्कॅन करतात. किरणोत्सारी द्रव्य शोषून घेणारी गाठ ‘हॉट’, न शोषणारी ‘कोल्ड’. मराठीत ‘थंड’ म्हणजे शांत, निरुपद्रवी, आणि ‘गरम’ म्हटलं की धास्ती. इथे नेमकं उलटं. हॉट गाठीत कॅन्सर फार क्वचित सापडतो, सुईनं तपासायचा विचार होतो तो कोल्ड गाठीचा. तरी कोल्ड गाठीही बहुतेक साध्याच. मी ‘शोषणारी’ आणि ‘न शोषणारी’ म्हणते.

प्रतिसाद
यात ‘थायरॉईड झालाय’ हा प्रयोगही घ्या. अवयवाचं नावच आपण आजाराला दिलंय. माझ्या वहिनीचा टीएसएच नॉर्मल आला, तेव्हा सगळे म्हणाले, ‘थायरॉईड नाहीये, सुटलीस.’ गाठ तशीच राहिली, सोनोग्राफी आठ महिने लांबली. टीएसएच ग्रंथीचं काम सांगतो, गाठ कसली आहे ते सांगत नाही. आपल्या बोलण्यात दोन्हींना एकच शब्द, म्हणून हे झालं.

धागाकर्ती
हे वाचून अंगावर काटा आला. मावशीचाही टीएसएच नॉर्मलच आहे, आणि तीही हेच म्हणत होती. सोनोग्राफीत गाठ दीड सेंटिमीटरच्या वर, घट्ट, कडा वेड्यावाकड्या. सुईची तपासणी सांगितलीय. ‘सुई लावली की गाठ भडकते’ असं शेजारणीनं भरवलंय. आणि रिपोर्टवर बेथेस्डाचा आकडा येतो म्हणे, तो कसा वाचायचा?

प्रतिसाद
(पॅथॉलॉजीवाली) सुई रक्त काढायच्या सुईहून बारीक असते. तिनं गाठ भडकत नाही. मावशींना ‘बायोप्सी’ न म्हणता ‘बारीक सुईनं पेशी काढून बघणं’ म्हणा.
बेथेस्डा हे अमेरिकेतल्या मेरीलँडमधलं गाव. तिथल्या बैठकीत ठरलेले सहा वर्ग. आकडा म्हणजे कॅन्सरची पायरी नव्हे, हे आधी सांगा! एक म्हणजे ‘नमुना अपुरा’. ‘नॉन-डायग्नॉस्टिक’ वाचून लोक ‘काही निघालं नाही’ समजतात आणि परत येत नाहीत. दोन साधी. तीन संदिग्ध, बहुधा पुन्हा सुई. चारमध्ये पेशींवरून साधी की कॅन्सरची ते ठरत नाही, कारण गाठीचं आवरण फोडून पेशी बाहेर गेल्यात का, हे गाठ काढल्यावरच दिसतं. पाच दाट संशय, सहा कॅन्सर.
नावाचं वजन आम्हालाही कळतं. २०१६ साली थायरॉईडच्या एका प्रकारच्या गाठीच्या नावातून ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढला. आवरणात बंद राहणारी, न घुसणारी गाठ ती. त्या नावापायी माणसं नको इतके उपचार घेत होती.

धागाकर्ती
मावशीला आत्ताच फोन केला. म्हटलं, ‘हाताला लागणारी एक गाठ आहे, बारीक सुईनं पेशी बघायच्यात, बहुतेक साधी असते.’ ती म्हणाली, ‘असं आधी का नाही सांगितलंस?’ गुरुवारी जातोय.