मोरोपंत वाचायला कुठून सुरुवात करू? ही भक्ती आहे की नुसती शब्दांची कसरत?

उंबरठा_४२
नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. घर आवरताना आजोबांच्या ट्रंकेत आर्याभारताचा, म्हणजे मोरोपंतांनी आर्या वृत्तात लिहिलेल्या महाभारताचा, एक जुना भाग सापडला, पाठकोरं पुठ्ठ्याचं कव्हर, कडा उंदरांनी खाल्लेल्या पण आतली पानं शाबूत. आजोबा रोज तिन्हीसांजेला आम्हा सगळ्या पोरांना रांगेत बसवून "सुसंगति सदा घडो" म्हणायला लावायचे, त्यामुळे मोरोपंत म्हणजे आपल्या घरचेच असं वाटायचं. मोठ्या हौसेने पुस्तक उघडलं आणि दहा मिनिटांत मिटलं. एका ओळीत चार समास, क्रियापद कुठे ते सापडेना, कोण कोणाला बोलतंय तेही कळेना. त्यात कुठेतरी वाचलं की पंतांनी १०८ रामायणं लिहिली, एकात अमुक अक्षर नाही, दुसऱ्यात मंत्र लपवलाय वगैरे. आता खरं सांगायचं तर तुकोबा वाचताना जे पोटात हलतं ते इथे हललं नाही. दोष माझा की पंतांचा? आणि वाचायचंच झालं तर सुरुवात कुठून करू?

तिरकस
दोष तुमचा नाही, उगाच मनाला लावून घेऊ नका. मी मराठी घेऊन एमए केलंय आणि पंडित कवींचा पेपर मी निव्वळ गाईडवर काढला. यमक, श्लेष, अनुप्रास, परत यमक. देवाला हाक मारायला एवढी सर्कस कशाला? नामदेवाने हाक मारली ती सरळ, तुकारामाने भांडण केलं तेही सरळ. पंतांचं म्हणजे देव दारात उभा आणि हे आत अलंकार घालत बसलेत. विद्वत्ता मान्य, एका माणसाने साठ हजारांच्या वर आर्या लिहायच्या म्हणजे खायचं काम नाही, पण संख्या म्हणजे कविता नव्हे. तुकाराम गाथा उघडा आणि सुखी राहा.

टाळकरी
तिरकसराव, गाईडवर पेपर काढलात आणि निकाल मात्र पंतांचा लावताय :)

उंबरठा, तुमची गडबड एवढीच झालीय की तुम्ही आर्या डोळ्यांनी वाचलीत. ती डोळ्यांसाठी नाहीच हो. माझे काका कीर्तन करायचे आणि मी लहानपणी त्यांच्यामागे टाळ धरून उभा राहायचो म्हणून सांगतो. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान सुरू झालं की बुवा आधी गद्यात गोष्ट रंगवत आणतात, समजा कर्णाच्या रथाचं चाक रुतलंय, तो खाली उतरलाय, अर्जुनाला धर्माच्या गोष्टी सांगतोय, अख्खं देऊळ गप्प झालंय, आणि तिथे बुवा एक आर्या टाकतात. पहिला अर्धा म्हणतात, थांबतात, तोच परत म्हणतात, मग दुसरा अर्धा. तोपर्यंत गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसलेली असते त्यामुळे समास आपोआप सुटतो. पंतांची कविता गावोगावी नेली ती कीर्तनकारांनीच, शाळा कॉलेजं नंतर आली.

आणि माणूस कुठल्या कामात होता तेही बघा ना. जन्म १७२९चा, पन्हाळ्याचा. तिथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या भावांकडे शास्त्र आणि काव्य शिकले, पुढे बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला गेले ते १७९४ला जाईपर्यंत तिथलेच झाले. काम काय, तर पुराण सांगायचं. म्हणजे समोर बसलेल्या माणसाला ऐकवायचं. बाहेर पानिपत होऊन गेलं, पेशवे बदलले, आणि कऱ्हेच्या काठी याचं अठरा पर्वांचं भारत चालूच. व्यासांचं लाखभर श्लोकांचं म्हणतात ते यांनी सतराएक हजार आर्यांत बसवलं. एवढं आटवायचं म्हटल्यावर दाट होणारच, खवा आहे तो, दुधासारखा घटाघट पिता येत नाही.

गणमात्रा
टाळकरींशी सहमत, फक्त एक तांत्रिक पुस्ती जोडतो कारण माझा जीव त्यातच अडकलेला आहे. क्रियापद सापडत नाही असं तुम्ही म्हणता, त्याचं निम्मं कारण म्हणजे ओळ कुठे तोडायची ते कळत नाही. एकदा मात्रा मोजायला शिका, ओळ आपोआप सुटते. नियम सोपा आहे, ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, अनुस्वार असेल तर दोन, आणि पुढे जोडाक्षर आलं तर मागचं ऱ्हस्वसुद्धा दोनचं. सरावाला ही घ्या, पाठच असेल:

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची ।
ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची ॥

चार तुकडे आहेत. मोजा आणि किती येतात ते इथे लिहा, मग गंमत सांगतो.

उंबरठा_४२
आईशप्पथ, ऑफिसात बसून कागदावर मोजलं. ११, १८, १२, १८ आलं. पहिलंच चुकलंय ना? की मूळ लिहिणाऱ्याची चूक?

गणमात्रा
तुम्ही "सु" एकचा धरलात. पुढे "श्लो" आहे ना, त्याचा आघात येतो म्हणून सु दोनचा. सु २, श्लो २, क १, वा २, म १, ना २, चा २, झाले १२. बाकी अगदी बरोबर, पहिल्या फटक्यात बऱ्याच लोकांचं "अभंगवाणी" चुकतं.

आता गंमत. शास्त्राप्रमाणे आर्येच्या चौथ्या चरणात १५ मात्रा हव्यात, म्हणजे १२, १८, १२, १५. दोन्हीकडे १८ असतील तर ती आर्या नव्हे, गीती. आपण जिला पंतांची आर्या आर्या म्हणतो ती बहुतेक सगळी गीतीच आहे, आणि ज्या कोणी पंतांच्या आर्येची थोरवी गायलीय त्यानेही ती गीतीतच गायलीय! मराठीत आता आर्या म्हटलं की हेच समजायचं. आता तुमच्या ट्रंकेतल्या भागातली कुठलीही आर्या घ्या आणि बारा मात्रा झाल्या की पेन्सिलीने उभी रेघ मारा. निम्म्या ठिकाणी अर्थ तिथेच सुटा होईल.

तिरकस
म्हणजे कविता कळायला आधी गणित. माझा मुद्दा सिद्ध झाला, धन्यवाद.

माधवी_जे
तिरकस, कसरत वाटते ते सगळं सोडा, पण ज्या कवितेने ही पोस्ट सुरू झाली तिच्याकडे तरी जरा बघा. "सुसंगति" ही केकावलीतली, शेवटाकडची. केका म्हणजे मोराचं ओरडणं. मोरोपंत, मयूर, म्हणून देवाला मारलेल्या हाकांची ती केकावली. आर्यांचीही एक केकावली आहे, पण लोकांच्या तोंडी बसली ती ही श्लोकांची, पृथ्वी वृत्तातली.

सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो,
कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो,
सदंघ्रिकमळीं दडो, मुरडितां हटानें अडो,
वियोग घडतां रडो, मन भवच्चरित्रीं जडो

लहानपणी मला "मुरडितां" म्हणजे कानोल्याची मुरड वाटायची, आई दिवाळीत घालते तशी, आणि देवाच्या कवितेत करंज्या कशाला ते कळायचं नाही. अर्थ लागला तो फार उशिरा, माझं पोर तीन वर्षांचं असताना. पहिल्या दोन ओळी आहेत सुविचाराच्या फळ्यावर लिहितात तशा, मान्य. पण तिसऱ्या ओळीपासून बघा, दडो, अडो, रडो. कोण दडतंय? कर्ता पार शेवटच्या ओळीत आलाय, "मन". ते मन लहान मूल केलंय हो त्यांनी! ते पायाशी जाऊन दडतं. कोणी दंडाला धरून दुसरीकडे वळवायला गेलं की हट्टाने अडून बसतं. आणि सोडून जायची वेळ आली की भोकाड पसरतं. पाळणाघराच्या दारात माझं पोर रोज सकाळी हेच तिन्ही प्रकार याच क्रमाने करायचं. आणि पंत देवाकडे काय मागतात, तर माझं मन समजूतदार कर असं नाही, हट्टी कर. मला तरी हे तुकोबांपासून फार लांब वाटत नाही.

शिवाय "संशयरत्नमाला" म्हणून छोटं प्रकरण आहे, त्यात तर देवापुढे शंकाच शंका, माझ्यासाठी अजून का धावत नाहीस म्हणून. ते भांडणच आहे, फक्त धोतर नेसून केलेलं.

निवांत
माधवीताई, सुंदर. मी पाचवीपासून म्हणतोय, "रडो" चा कर्ता मी कधी शोधलाच नव्हता.

मी जरा १०८ रामायणांवर बोलतो, कारण त्यांना सर्कस म्हणून मोडीत काढणं सोपं आहे पण स्वतः करून बघा. निरोष्ठ रामायण म्हणजे ओठाला ओठ लावायचा नाही. प फ ब भ म हद्दपार. म्हणजे पहिला दणका असा की रामायण सांगायचंय आणि "राम" म्हणता येत नाही! राघव म्हणावं तर "व" मध्ये खालचा ओठ दाताला लागतोच, तोही कडक नियमात बसायचा नाही. मी काल बसमध्ये एक वाक्य जुळवायला घेतलं, वीस मिनिटांनी हे आलं: "दाशरथी सीतेला घेऊन अरण्यात गेला". लक्ष्मणाला घरीच ठेवावं लागलं, त्याच्यात म आहे. सौमित्र म्हणावं तर तिथेही म.

गणमात्रा
निवांतराव, बाद! "घेऊन" मधला ऊ ओष्ठ्यच. संस्कृत व्याकरणाचं सूत्रच आहे, उपूपध्मानीयानामोष्ठौ, म्हणजे उ आणि प-वर्ग ओठांतून. आरशासमोर म्हणून बघा, ओठांचा चंबू होतो.

निवांत
अरे देवा. मग "दाशरथी सीतेसह अरण्यात गेला". आता तरी सोडा. आणि हे माझं एक वाक्य आहे, पंतांनी रामकथाच्या रामकथा असल्या अटी घालून रचल्यात, मंत्ररामायणात तर "श्रीराम जय राम जय जय राम" हा तेरा अक्षरी मंत्र गुंफलाय. ही एक साधनाच असणार असं मला वाटतं. जप करताना माळेचे मणी मोजतो ना आपण, तसं हा माणूस अक्षरं मोजतोय. तेच नाव, तीच गोष्ट, दरवेळी नव्या अडचणीतून. भक्ती की कसरत असा प्रश्न त्यांना स्वतःला पडलाच नसेल.

तिरकस
जप वाली गोष्ट पटली, आर्याभारत अजून नाही. केकावली परत वाचतो. पण गाईड चांगलं होतं हां ते.

टाळकरी
चला, अर्धी विकेट पडली. उंबरठा, तुमचा मूळ प्रश्न राहूनच गेला. माझं मत असं की ट्रंकेतलं आर्याभारत आत्ता बाजूला ठेवा. आधी केकावली, सव्वाशेच्या आतबाहेर श्लोक आहेत, रोज एक घ्या, टीपा असलेली प्रत मिळाली तर बरं. मराठीचं व्याकरण लिहिणाऱ्या दादोबा पांडुरंगांनी केकावलीवर यशोदापांडुरंगी नावाची मोठी टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारं भाष्य, लिहिलीय, जुन्या वाचनालयात विचारा. चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांची बाजू घेऊन भरपूर लिहिलंय तेही मजेचं आहे, पण ते नंतर. भारताकडे वळाल तेव्हा पहिल्या पानापासून मुळीच नको. जो प्रसंग तोंडपाठ आहे तोच उघडा, कृष्ण शिष्टाईला जातो तो किंवा कर्णाचा शेवट. पंत गोष्ट सांगत नाहीत हो, ती तुम्हाला माहीतच आहे असं धरून चालतात. आणि मोठ्याने वाचा, घरचे हसले तरी चालेल.

उंबरठा_४२
मंडळी काय बोलू. पेन्सिल घेऊन बसलोय. केकावली पीडीएफ मिळाली, पहिल्याच ओळीत अडलोय पण या वेळी पळालो नाही. "सदाश्रितपदा सदाशिवमनोविनोदास्पदा". पृथ्वीची १७ अक्षरं आठ आणि नऊ अशी बरोबर तुटली, सदाशिवाच्या मनाचं रमायचं ठिकाण हेही लागलं, पण "सदाश्रितपदा" कसं फोडायचं? सदा आश्रित, की सत् आश्रित?

गणमात्रा
दोन्ही. सदा ज्याच्या पायाशी लोक येतात तो, आणि सज्जनांनी ज्याचे पाय धरलेत तो. संधी दोन्हीकडून एकच होते, मुद्दामच केलंय ते. आणि आता मोठ्याने म्हणा, पहिल्या आठ अक्षरांतच "सदा" दोनदा वाजतंय बघा, एकदा तुटून आणि एकदा शिवाच्या नावात. दुसरी ओळ उद्या टाका, तिथे "स्वदासवशमानसा" आहे, त्यावर माधवीताई बोलतील.