रूमभाडं जास्त, क्लेम कमी?

प्रश्न: आईची पॉलिसी ३ लाखांची, रूमभाडं रोज १ टक्का, म्हणजे ३ हजारांपर्यंत. राजारामपुरीतल्या (कोल्हापूर) हॉस्पिटलात रोज ६ हजारांची रूम मिळतेय. वरचे ३ हजार भरले की झालं ना?

– नाही हो, खरी कात्री पुढं लागते. रूम दुप्पट, म्हणून सर्जनची फी, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर) यांचेही निम्मेच मिळतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूला ही कपात नाही. सरळ ट्विन शेअरिंग (दोन पेशंटची रूम) घ्या.

– काही पॉलिसींत ही कपात नसतेही. अटींत ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ शोधा.

– आई ७० किंवा त्याहून जास्त वयाच्या असतील तर आधारवर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, उत्पन्नाची अट नाही, खाजगी पॉलिसी असली तरी चालतं. सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला विचारा. भरती होण्याआधीच, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.