‘हॉर्न बसलाय’ म्हणजे बसवला की बिघडला?

डाळिंब उत्पादक, सांगोला :
मंडळी, बागेच्या कामासाठी २००७ सालची जुनी पिकअप घेतली. पहिल्याच पावसात हॉर्नचा आवाज घोगरा झाला आणि आठवड्याभरात बंद पडला. गाडी गॅरेजला सोडून आलो. संध्याकाळी मिस्त्रींचा फोन, “हॉर्न बसलाय तुमचा.” मी समजलो नवा बसवला, म्हणून वीस किलोमीटर जाऊन गाडी घेऊन आलो. घाटात बटण दाबलं तर गाडी मुकी. त्यांना म्हणायचं होतं की जुना निकामी झालाय, नवा घ्यावा लागेल. एकाच क्रियापदाचे असे उलटे अर्थ कसे? आणि ‘हॉर्न’ला आपला शब्द कोणता वापरावा, भोंगा की कर्णा?

निवृत्त शिक्षिका, सातारा :
दादा, तुमची चूक नाही. ‘बसणे’ या क्रियापदाला दोन्ही अंगं आहेत. घसा बसतो, भिंत बसते, धंदा बसतो, भर नांगरणीत बैल बसतो. यात उभं असलेलं खाली येणं आहे, जोर संपणं आहे. पण दाराला कडी नीट बसते, पायाला चप्पल बसते, शिवणकामात हात बसतो, घडी बसते. इथे बसणं म्हणजे आपल्या जागी चपखल येणं. तुमच्या मिस्त्रींनी पहिला अर्थ घेतला, तुम्ही दुसरा. त्यांनी ‘बसलाय’ म्हटलं, ‘बसवलाय’ नाही. माणसाने हाताने केलेल्या कामाला आपण प्रयोजक रूप वापरतो, खूण तेवढीच. फोनवर एक ‘व’ कानातून निसटायला वेळ लागत नाही.

‘आवाज बसला’ हा प्रयोग गळ्याचा आहे. गॅरेजवाल्यांनी तो हॉर्नला लावला, कारण हॉर्न हा त्यांच्या लेखी गाडीचा गळाच. मला हे फार मोलाचं वाटतं. नाम परकं घेतलं, पण त्याला दुखणं आपल्या भाषेतलं दिलं.

बॅटरीवाला, कोल्हापूर :
ताई बरोबर बोलल्या. आमच्यात हॉर्नच्या दुखण्याला एकच शब्द नसतो. आवाज घोगरा किंवा बारीक झाला तर ‘बसला’. पत्र्यासारखा थरथरायला लागला तर ‘फाटला’. काहीच येत नाही म्हटल्यावर ‘गेला’. बटण सोडल्यावरही वाजतच राहिला तर ‘लागून राहिला’, तेव्हा आधी फ्यूज उपटायचा. गिऱ्हाईक यातला कुठला शब्द वापरतं त्यावरून निम्मं निदान होतं. दादा, तुमचा आधी बसला आणि मग गेला. पण खरंच गेलाय का, हे बघितल्याशिवाय नवा घेऊ नका.

चकती हॉर्नच्या आत तारेची कॉईल असते आणि समोर पोलादी पडदा. करंट आला की कॉईलचं चुंबक होतं, पडदा आत ओढला जातो, त्याच ओढीने आतले पॉइंट उघडतात आणि करंट तुटतो. पडदा परत जागेवर, पॉइंट परत जोडले. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं, तोच आवाज. पावसाचं पाणी आत गेलं की पॉइंटला गंज धरतो, पडदा पुरता हलत नाही. म्हणून बसतो.

डाळिंब उत्पादक, सांगोला :
काका, मुळात हॉर्न आहे कुठे हेच सापडेना. बॉनेट उघडून तासभर शोधला.

बॅटरीवाला, कोल्हापूर :
बॉनेटमध्ये वरून बघून दिसत नाही. पुढची जाळी काढा. रेडिएटरच्या पुढे, मधल्या आडव्या पट्टीवर नाहीतर बंपरच्या आतल्या बाजूला, तळहाताएवढी गोल चकती लोखंडी पट्टीला लटकलेली असेल. बऱ्याच गाड्यांना दोन असतात, एक बारीक आवाजाचा आणि एक जाड आवाजाचा. चिखलाने माखलेला असला तर ओळखूही येत नाही. मग वायर हाताने चाचपत जायचं.

आता क्रम सांगतो. फ्यूज बघा. चावी लावून कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि रिलेवर, म्हणजे बटण दाबल्यावर हॉर्नचा करंट जोडणाऱ्या छोट्या डबीवर, बोट ठेवा. ‘टक्’ लागलं तर स्टिअरिंगचं बटण ठीक. मग हॉर्नची वायर काढून तिच्या टोकाला टेस्ट बल्ब लावा, बल्बचं दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. बटण दाबल्यावर बल्ब पेटला तर करंट तिथवर येतोय. एकच वायर असलेल्या हॉर्नला अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट) त्याच्या पट्टीतून मिळतो, आणि जुन्या गाडीत त्या बोल्टखाली गंज बसलेला असतो. (बघा, इथेपण ‘बसला’च!) वायर परत लावा, हॉर्नच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हला वेगळी वायर जोडून बघा. वाजला तर हॉर्न चांगला, अर्थ खराब. पॉलिश पेपरने पट्टी घासा.

तरी घोगरा असेल तर मागे एक छोटा स्क्रू असतो, त्यावर रंगाचा ठिपका असतो. पाव फेरा फिरवायचा, वाजवून बघायचा, जास्त नाही.

नवा लावताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. हॉर्न फक्त पट्टीवर लटकला पाहिजे, अंग कुठेही टेकता कामा नये, नाहीतर नवा असून फाटल्यासारखा वाजतो. शंखासारखा घेतलात तर तोंड खाली ठेवा, पाणी साठत नाही. आणि १२ व्होल्टचाच मागा, ट्रकवाले २४ चा घेतात.

गिरणगावातला मुलगा, सध्या ठाणे :
भोंगा या शब्दाबद्दल मनापासून सांगतो, तो गाडीच्या हॉर्नला देऊ नका. माझे वडील गिरणीत होते. आमच्या चाळीत घड्याळ नव्हतं, भोंगा होता. ‘भोंगा झाला’ म्हणायचे, ‘वाजला’ क्वचितच. पहाट व्हावी तसा भोंगा व्हायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते भोंगे एकेक करून थांबले. गावोगावी नगरपालिकेचाही भोंगा असायचा. भोंगा एका माणसाला बाजूला हो म्हणत नाही, सगळ्या वस्तीला वेळ सांगतो. मात्र जुन्या एस.टी.च्या खिडकीबाहेर रबरी फुग्याचा पों पों करणारा जो असायचा, त्यालाही आम्ही भोंगाच म्हणत होतो, हे कबूल करतो.

निवृत्त शिक्षिका, सातारा :
कर्ण्याचंही सांगते. पुष्कळांना तो ‘कर्ण’ म्हणजे कानावरून आलेला वाटतो, पण कर्णा हा फारसीतला ‘करना’, मोठा रणवाद्याचा प्रकार. अकबराच्या नगारखान्यातल्या वाद्यांत आईन-ए-अकबरी त्याची नोंद करते. म्हणजे हॉर्न परका म्हणून कर्णा घ्यावा, तर कर्णाही बाहेरूनच आलेला! आणि आज कर्णा म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो ध्वनिक्षेपकाचा.

उलट ‘हॉर्न’ आणि आपलं ‘शिंग’ हे दूरचे सख्खे आहेत. संस्कृत ‘शृङ्ग’ आणि इंग्रजी ‘हॉर्न’ एकाच आदिम धातूपासून निघाले असं भाषाशास्त्र मानतं. तिकडेही जनावराचं शिंग फुंकूनच इशारा देत, इकडेही आपण रणशिंग फुंकलं. म्हणून ‘हॉर्न’ लिहायला मला संकोच वाटत नाही. पण क्रियापदाकडे लक्ष द्या. घाटात वळणावर आपण हॉर्न ‘देतो’, गर्दीत वैतागून ‘मारतो’, आणि लहान मूल मांडीवर बसून ‘वाजवतं’. या तिन्हींत बोलणाऱ्याची वृत्ती कळते. शब्दकोशात या तीन छटा वेगळ्या नोंदवायला हव्यात.

बॅटरीवाला, कोल्हापूर :
ताई, मारणाऱ्यांनाच नंतर म्युझिकल हॉर्न हवा असतो. मी लावून देत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११९ व्या नियमाने एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही. आणि रिले न लावता जादा हॉर्न जोडले की बटणाचे पॉइंट जळतात, ते वेगळंच.

डाळिंब उत्पादक, सांगोला :
काका, ताई, आज सकाळी जाळी काढली. दोन हॉर्न निघाले. बारीक आवाजाचा ठणठणीत होता, पट्टीखाली गंज होता तेवढाच. घासल्याबरोबर वाजला. जाड आवाजाचा स्क्रू फिरवूनही बोलेना, तो ‘गेला’. तेराचा पाना लावून काढला, तालुक्यातून नवा आणला आणि बसवला (‘व’ सकट!).

अंगणात दोन्ही मिळून वाजले तेव्हा वडील ओट्यावरून म्हणाले, “कंठ फुटला की रे गाडीला.” ताई, हा प्रयोग कोशात सापडेल का?

निवृत्त शिक्षिका, सातारा :
वयात येणाऱ्या मुलाला कंठ फुटतो, तोच प्रयोग. बारीक आवाजात जाड आवाज येऊन मिळतो तेव्हा म्हणतात. वडिलांना माझा नमस्कार सांगा.