मदत हवी आहे: बाळंतिणीला ब्रोमोक्रिप्टिन द्यावी का? अर्जंट

विट्याचा_दादा
बहीण बाळंतपणाला आमच्याकडे आली आहे. पाय सुजलेत, आडवी झाली की दम लागतो, तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपते. आधी अशक्तपणा म्हणाले, मग दमा म्हणून पंप दिला. काल टू-डी इको झाला, हार्ट वीक आहे म्हणे. ब्रोमोक्रिप्टिन लिहून दिली आहे. त्याने दूध जातं, आई गोळी देऊ देत नाही. द्यावी की नाही, एवढंच सांगा.

सुमनकाकू
पाय सुजतातच रे बाळंतिणीचे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर दे. शेक-शेगडी चालू आहे ना?

निशिगंध
काकू, दम लागतोय तिला! दादा, बाळ किती दिवसांचं? इको रिपोर्टवर ईएफ किती, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं? बीपी? एवढंच सांगा म्हणता, पण सांगितलं काहीच नाही तुम्ही.

रावसाहेब_७१
झडप तपासली का? माझ्या भाचीची मायट्रल झडप लहानपणच्या सांधेतापाने अरुंद झालेली, कळलं सातव्या महिन्यात. फुग्याने उघडली, आता ठणठणीत.

विट्याचा_दादा
झडपा नॉर्मल लिहिल्यात. ईएफ ३०. बाळ पाच आठवड्यांचं. आता सांगा.

निशिगंध
मग ही पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी असणार, म्हणजे बाळंतपणाच्या सुमारास हृदयाचा स्नायू कमकुवत होतो तो आजार. मला दुसऱ्या बाळंतपणानंतर झाली होती, ईएफ २८. मी गोळी घेतली, आठ महिन्यांत ५५. दूध गेलं, मुलगा पावडरवर वाढला, आता शाळेत दंगा करतो.

अर्धा_डॉक्टर
ईएफ गोळीनेच वाढला कशावरून? बऱ्याच जणींचं हृदय हृदयाच्या नेहमीच्या औषधांवरही सुधारतं. २०१७च्या जर्मन अभ्यासात ६३ बायका होत्या, एक आठवडा गोळी विरुद्ध आठ आठवडे. गोळी न दिलेला गटच नव्हता.

निशिगंध
आणि २०१०चा दक्षिण आफ्रिकेतला? त्यात होता की.

अर्धा_डॉक्टर
वीस जणी सगळ्या मिळून! असो. दादा, या गोळीसोबत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून औषध देतात. चिठ्ठीत आहे का? नसेल तर फोन करून विचारा. आणि चिठ्ठी नक्की कोणी दिली?

मीनल_पुणे
कॉपर टी बसवून घ्यायला सांगा. इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या नकोत. पुढचा चान्स हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, पुन्हा होऊ शकतं.

विट्याचा_दादा
अहो ताई, ती दोन पायऱ्या चढू शकत नाही आणि तुम्ही कॉपर टी काय! चिठ्ठी सोनोग्राफीवाल्यांच्या ओळखीच्या फिजिशियनची. इंजेक्शन वगैरे नाही. आज रात्रभर खोकत होती, कफाला गुलाबी फेस.

निशिगंध
दादा, धागा बंद करा आणि १०८ लावा. फुफ्फुसात पाणी भरतंय. गोळीचं नंतर बघू.

सुमनकाकू
अगबाई. तिला उठवून बसव, पाय खाली सोडू दे.

विट्याचा_दादा (तीन दिवसांनी)
सांगलीला आयसीयूत होती, काल वॉर्डात आणली. लघवीच्या इंजेक्शनने पाणी उतरलं, आडवी झोपते आता. गोळी इथल्या कार्डिओलॉजिस्टनीही ठेवली, गुठळ्यांच्या इंजेक्शनासोबत. आईने काल स्वतः पावडरचा डबा आणला, माझ्याशी मात्र बोलत नाही. मीठ कमी, पाणी दिवसाला दीड लिटर. यात पेज धरायची का?

निशिगंध
हो. चहा, ताक, वरणाचं पाणी, सगळं. आणि रोज सकाळी वजन करा, एकदम वाढलं तर कळवा.

सुमनकाकू
लोणचं?

निशिगंध
नाही, काकू.