मदत हवी आहे: न्यूयॉर्कच्या जॉइस थिएटरला बॅले बघताना कुठे बसावं?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक सात वर्षं बॅले शिकतेय. पॉइंट शूजचा (बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायच्या बुटांचा) नवा जोड आणला की आधी दाराच्या फटीत दाबून मऊ करते, मग रिबिनी स्वतःच शिवत बसते. दर डिसेंबरला ‘नटक्रॅकर’ हा नाताळचा जुना बॅले बघून झालाय, आता तिला आजच्या नृत्यदिग्दर्शकांच्या नव्या रचना बघायच्या आहेत.

मॅनहॅटनमधल्या जॉइस थिएटरने 2013 च्या ऑगस्टमध्ये सहा छोट्या नृत्य-कंपन्यांचा बॅले महोत्सव भरवला होता, पुढेही तसे झाले. असा पुढचा महोत्सव लागला की तिला न्यायचंच, असं ठरवलंय. जेमतेम 472 खुर्च्यांचं थिएटर आहे. इतक्या जवळून नर्तकांचा श्वास, पावलांचा आवाज ऐकणं तिच्यासाठी फार मोलाचं आहे, मोठ्या सभागृहात ते मिळत नाही.

तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: पुढच्या रांगांतून पावलं नीट दिसतात का? की पूर्ण रचना दिसायला मागे बसलेलं बरं? आणि एकाच कंपनीचा प्रयोग निवडावा, की दोन-तीन वेगवेगळ्या बघाव्यात? प्रयोग सुटल्यावर पेन स्टेशनहून रात्रीची गाडी आरामात मिळते का, तेही कळवा.