इन-एन-आउट बर्गर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर का नाही?

न्यूजर्सीकर (प्रश्न)
लॉस एंजेलिसला भावाकडे गेलो असता विमानतळाजवळच्या इन-एन-आउटच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये थांबलो होतो. डोक्यावरून विमाने उतरत होती आणि काचेपलीकडे एक मुलगा अख्खा बटाटा कापणीयंत्रात ठेवून दांडा खाली ओढत होता. दर खेपेला पांढरेशुभ्र काप खालच्या भांड्यात पडत होते. १९४८ साली सुरू झालेली ही बर्गरच्या दुकानांची साखळी आमच्याकडे का नाही? फ्रँचायझी, म्हणजे आपल्या नावाने दुकान चालवण्याचे परवाने, इतरांना दिल्या असत्या, तर एव्हाना देशभर पसरली असती. शिवाय शाकाहारी आई-बाबांना घेऊन पुन्हा जायचे आहे; त्यांना तिथे काय मिळेल?

सॅनहोजेवासी
कारण मांसाच्या वाहतुकीत आहे. यांच्या दुकानांत फ्रीजरही नसतो आणि मायक्रोवेव्हही नसतो. बर्गरमधल्या मांसाच्या चकत्या कंपनी स्वतःच्या केंद्रांत बनवते आणि न गोठवता पाठवते, त्यामुळे त्या केंद्रापासून ट्रक ताजा माल घेऊन जिथवर पोहोचू शकेल, तिथवरच दुकान काढता येते. २०११मध्ये टेक्सासात जाताना डॅलसला आणि २०२०मध्ये कोलोरॅडोत जाताना कोलोरॅडो स्प्रिंग्सला नवे केंद्र उभारावे लागले, ते यामुळेच. कॅलिफोर्नियाबाहेरचे पहिले दुकान लास वेगासला निघाले तेच मुळी १९९२मध्ये. फ्रँचायझी न देण्याचे धोरणही संस्थापक हॅरी आणि एस्थर स्नायडर यांच्यापासूनचे आहे. हॅरी पहाटे बाजारात जाऊन माल स्वतः निवडत आणि एस्थर हिशेब पाहत. आज त्यांची नात लिंझी कंपनीची मालक आहे. हा संथपणा मला उणीव वाटत नाही. आपण पाहिलेला तो ताजा बटाटा त्याच्यामुळेच टिकला आहे. २०२३मध्ये टेनेसीतील फ्रँकलिन येथे पूर्वेकडील कार्यालय उभारण्याची घोषणा झाली, तेव्हा आपल्या दिशेने पाऊल पडले आहे, हे नक्की.

सुगरण_सॅक्रामेंटो
आई-बाबांसाठी ‘ग्रिल्ड चीज’ मागा: पाव, चीज, टोमॅटो, लेट्यूस आणि हवा असल्यास कांदा. ते फलकावर लिहिलेले नसते, पण मागितले की कोणतेही दुकान देते. ‘स्प्रेड’ नावाच्या सॉसमध्ये अंडे असते, म्हणून अंडे चालत नसेल तर ‘स्प्रेड नको’ असे आवर्जून सांगा. फ्राइज सूर्यफुलाच्या तेलात तळतात, आणि बटाट्याखेरीज तळण्याचा दुसरा पदार्थच तिथे नाही, ही आपल्यासाठी मोठी सोय आहे. पाव आणि मांस एकाच तव्यावर भाजतात का, हे मात्र खिडकीशी विचारून घ्या. माझ्या सासूबाईंना विचारल्याशिवाय घास उतरत नाही, आणि तिथल्या मुलांनी दर वेळी नीट उत्तर दिले आहे.

जुनारस्ता
एक भर घालतो. १९४८च्या त्या काळी बहुतेक ठिकाणी गाडी उभी करून बसायचे आणि वाढपी गाडीपाशी खाणे आणून देत. हॅरी यांनी दुहेरी संभाषणाचा स्पीकर बसवला आणि गाडीतून न उतरता मागणी सांगून पुढे सरकण्याची सोय केली. लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमधले ते पहिले दुकान महामार्गासाठी पाडले गेले. २०१४मध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती जवळच उभी राहिली आहे. तिथे खायला मिळत नाही, पण आई-बाबांना अवश्य दाखवा. जेमतेम दहा फुटी चौरस खोली आहे ती.