आकाशवाणी-दूरदर्शनच्या पैशाचा हिशेब मागायचा कुठे?

केळीवाला_रावेर

राम राम मंडळी. परवा पारावर वाद झाला. एक जण म्हणाला, आकाशवाणी-दूरदर्शन म्हणजे सरकारने पोसलेला पांढरा हत्ती, विकून मोकळे व्हा. दुसरा म्हणाला, फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या बिनभाड्याच्या डिश सेवेवर, ते बक्कळ कमावतात, मग आपल्या करातून पैसा कशाला? मला दोघांचंही पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही.

आमच्या विकास सोसायटीत सचिवाने ताळेबंद दाखवायला टाळाटाळ केली तर वार्षिक सभेत लोक माईक ओढून घेतात. तिथे निदान ओरडायला सभा तरी आहे. या रेडिओ-टीव्हीचा जमाखर्च कोण तपासतं? आणि जळगाव केंद्रावर वर्षाला काय खर्च होतो, हे मला रावेरात बसून कळू शकतं का? पक्षाचं राजकारण नको. ज्याला खरंच माहिती आहे त्याने लिहा.

साक्रीकर

भाऊ, ज्याना हातमा तिजोरी त्याना हातमाच चावी. कोन तपासस आनि कोन सांगस!

चाळीसगावचा_नाना

साक्रीकर, चावीचं अर्धं बरोबर आहे, तपासणीचं नाही.

केळीवाले भाऊ, माझी हयात जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात गेली, त्यामुळे ऑडिटचे आक्षेप वाचायची खोड अजून सुटत नाही. सगळे कादंबऱ्या वाचतात, मी अहवाल वाचतो. तर ऐका.

आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारं महामंडळ म्हणजे प्रसार भारती. तिचा कायदा 1990 चा, अंमल 1997 पासून. त्याच्या कलम 21 प्रमाणे हिशेबांची तपासणी कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, करतं आणि ते हिशेब संसदेपुढे ठेवावे लागतात. शिवाय संसदेची दळणवळण व माहिती-तंत्रज्ञानाची स्थायी समिती दरवर्षी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पैशाच्या मागण्या तपासते, त्यात प्रसार भारती येते. म्हणजे तपासणीच होत नाही, हे साफ खोटं.

आता पैसा. 2023-24 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रसार भारतीला 2,800 कोटींच्या आसपास तरतूद होती. यात मोठा वाटा पगाराचा. कारण 5 ऑक्टोबर 2007 पूर्वी लागलेले कर्मचारी कायद्याने केंद्र सरकारचेच, प्रसार भारतीकडे प्रतिनियुक्तीवर. माणसं सरकारची, काम महामंडळाचं, पगार आपला. जाहिराती आणि फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव ही त्यांची स्वतःची कमाई. पारावरचा तो दुसरा भाऊ खोटं बोलत नाही, फक्त कमाई आणि पगार हे वेगळे खिसे आहेत हे त्याला माहीत नाही. तिसरा खिसा यंत्रसामग्रीचा. 2023 च्या जानेवारीत केंद्राने 2,539.61 कोटींची ‘बिंड’ ही प्रसारणाच्या यंत्रणा सुधारायची योजना मंजूर केली, मुदत 2025-26 पर्यंत. त्यात एफएमचा पल्ला 68 वरून 80 टक्के लोकसंख्येपर्यंत नेणं आणि दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती भागात 8 लाखांवर फ्री डिश संच फुकट देणं आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मंडळींनी हा आकडा लिहून ठेवावा. आपल्या भागात किती संच आले, हा प्रश्न ‘देशभर किती वाटले’ यापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पण खरी मेख अशी, की हिशेब दिल्लीच्या पातळीवर एकत्र मांडलेला असतो. जळगावात शेतीच्या कार्यक्रमावर किती, विजेवर किती, नैमित्तिक उद्घोषकांच्या मानधनावर किती, हे त्या ताळेबंदात शोधून सापडणार नाही. जिल्हा परिषदेचा निधी शाळेच्या पत्र्यापर्यंत शोधता येतो, तसं इथे नाही. आणि ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो तो आपल्या रेडिओ केंद्रावर, एकत्रित ताळेबंदावर नव्हे.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. कायद्याच्या कलम 13 मध्ये 22 खासदारांची देखरेख समिती आहे. कलम 14 मध्ये प्रसारण परिषद आहे, जिथे लोकांनी तक्रारी न्यायच्या. दोन्ही कागदावरच राहिल्या. मग उरतं काय? मंत्रालय. आणि मंत्रालय म्हणजे पैसे देणारा, जनता नव्हे. 2018 मध्ये पगाराच्या पैशावरून दोघांची जाहीर बाचाबाची झाली. महामंडळ म्हणे पैसे अडवले, मंत्रालय म्हणे वित्तीय नियमांप्रमाणे आधी सामंजस्य करारावर सह्या करा. लेखापाल म्हणून मला करार मागण्यात काही वावगं दिसत नाही, अनुदान घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला तो करावा लागतो. पण ज्याच्या बातम्या द्यायच्या, पगारही त्याच्याच सहीने निघणार असेल तर ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहणारच.

भुसावळ_जंक्शन

नाना, एवढं रामायण सांगून निष्कर्ष काय? भो, विकून टाका ना. भुसावळात कोणाच्या घरात रेडिओ दाखवा. 2010 मध्ये तर यांचे सर्वात मोठे साहेबच निलंबित झाले होते, आठवतं का?

चाळीसगावचा_नाना

आठवतं, कारण निलंबनाचा आदेश आपल्या नाडगावच्या प्रतिभाताईंच्या सहीचा होता, त्या तेव्हा राष्ट्रपती होत्या. आर्थिक अनियमिततेच्या आरोपांवरून तेव्हाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना डिसेंबर 2010 मध्ये निलंबित केलं आणि कायद्याप्रमाणे चौकशीचा संदर्भ सुप्रीम कोर्टाकडे गेला. त्याच वर्षीच्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचं 246 कोटींचं कंत्राट त्या स्पर्धेतल्या गैरव्यवहारांची चौकशी करणाऱ्या शुंगलू समितीपुढे आलं. निलंबन म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, हे नोकरीत राहिलेल्याला सांगावं लागत नाही. पण तुम्ही हे विकायचं कारण म्हणून सांगताय. मी म्हणतो, कायद्यात साहेबाला हात लावायची सोय होती म्हणून तो हात लागला. खासगी चॅनेलच्या साहेबाला तुम्ही-आम्ही काय विचारणार?

आणि खासगी एफएम जाहिरात मिळेल तिथेच जातं. तोरणमाळला कोण जाहिरात देणार?

केळीवाला_रावेर

नाना, आभार. कलम 13-14 चं ऐकून पारावर बोलायला दारूगोळा मिळाला. आता जळगाव केंद्राचं कसं विचारायचं तेवढं सांगा. माहिती अधिकाराचा अर्ज मी तहसीलला एकदा केला होता.

चाळीसगावचा_नाना

तहसीलचा अनुभव इथे जसाच्या तसा चालवू नका. ते राज्य सरकारचं कार्यालय, आकाशवाणी केंद्र सरकारची. त्यामुळे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावू नका. पोस्टातून दहाची पोस्टल ऑर्डर घ्या, लेखाधिकाऱ्याच्या नावे. नाहीतर केंद्र सरकारच्या ऑनलाइन माहिती अधिकार पोर्टलवरून भरा. राज्यात 150 शब्दांची आणि एकाच विषयाची अट आहे, केंद्र सरकारच्या नियमात साधारण 500 शब्द चालतात. तरी लांबण लावू नका.

‘पैसा कुठे गेला’ असं लिहिलंत तर ‘माहितीचा बोध होत नाही’ असं उत्तर येईल. असं लिहा: ‘गेल्या तीन आर्थिक वर्षांत जळगाव केंद्राला मिळालेली तरतूद व झालेला खर्च, लेखाशीर्षनिहाय, त्याच काळात या केंद्राने जाहिरातीतून मिळवलेला महसूल, आणि या केंद्राच्या अंतर्गत लेखापरीक्षणाच्या अहवालाची प्रत.’ शेवटचं मागायला विसरू नका, तिथेच खरी गंमत असते. उत्तराला 30 दिवस. आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला फी नाही. झेरॉक्सचे पानाला दोन रुपये पडतील.

उत्तर आलं की इथे टाका, पण त्यावर कोणाचं नाव-फोन असेल तर झाकून.

साक्रीकर

नाना, मीबी करस अर्ज. धुळानं केंद्रनं इचारस. पोस्टल ऑर्डर आमना गावना पोस्टमा भेटनी त!